ताट मी धरलं होतं

मामंजी,

तुमच्याशी मी कधी तोंड वर करून बोलले नाही. सासरा ओसरीवर असला की सुनेनं आत राहायचं, आणि मला बाहेर यायचंच असलं तर तुम्ही खाकरून मान वळवायचात. इतकी वर्षं एका चुलीवरचं खाल्लं, पण मला सांगायचं ते तुम्ही दाराच्या चौकटीला सांगायचात आणि मी उत्तर द्यायचं ते मांजराला द्यायची. ती चौकट गेली, मांजराच्या तर किती पिढ्या गेल्या. आता मी तुमच्या वयाच्याही पुढं आले, माझ्या सुनेला सून आली, डोक्यावरचा पदर मात्र सवयीनं तसाच आहे. तो सावरून आज बोलते. दुसरीपर्यंत शाळा झालेल्या बाईचं लिहिणं आहे, पुढचं सगळं नातवंडांच्या पुस्तकात डोकावून शिकलेलं, तेव्हा काना-मात्रा वेडावाकडा असायचा. तुम्हाला तरी कुठं वाचता येत होतं. आपलं जमेल.

सांगायचं ते आधीच सांगून टाकते, नाहीतर माझ्या सवयीप्रमाणं मी गावभर फिरून मग घरी येईन. परवाच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तुमच्या देव्हाऱ्यातलं ताट मी बाहेर काढलं. त्यात बेल ठेवला, जेजुरीहून आणलेला भंडारा ओतला, आणि आपल्या वस्तीवरच्या बायकांना अंगणात बसवून एकेकीला तो बेल-भंडारा उचलायला लावला. मत आपल्याच माणसाला देईन, खंडोबाची आण. जे ताट तुम्ही स्वतःच्या निवडणुकीत कुणाला उचलू दिलं नाहीत आणि त्यापायी पडलात, ते मी तुमच्या पणतवासाठी हातात धरलं. आणि त्या ताटापायी एका बाईचं जे गेलं, ते मला तिला परत करता येत नाही. म्हणून लिहायला बसले.

तुम्ही काही सुधारक वगैरे नव्हतात, हे मी सांगायला नको. घरात तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. रविवारी चुलीवर मटण चढायचं नाही. सुनेनं पायात चप्पल घालून ओसरीसमोरून जायचं नाही. माझ्या नणंदेनं सायकल शिकायचा हट्ट धरला तर तुम्ही तिला रागावला नाहीत, गुपचूप दोन्ही चाकांतली हवा काढून ठेवलीत. मी केंदूरची, तिकडं हंडाभर पाण्याला अर्धा दिवस जायचा, म्हणून भांडगावच्या शिवेला पाटाचं पाणी खळखळतंय हे बघून माझ्या बापानं मला इकडं दिली. पाणी बघून दिली, माणसं बघायची राहून गेली. तुमच्या खोलीत खुंटीला वाघर टांगलेली असायची, रात्री मेंढरं कोंडायची ती जाळी. पाट आला, रान भिजलं, ऊस उभा राहिला, मेंढरं विकली, ती जाळी मात्र तुम्ही विकली नाहीत. मी मनातल्या मनात म्हणायची, म्हाताऱ्याला कोंडायला आता सुना आहेत ना.

पण उंबऱ्याच्या बाहेर तुमचं सगळं उलटं होतं, आणि ते मला फार उशिरा उलगडलं. गावची सभा तेव्हा मारुतीच्या देवळात भरायची. मी कळशी घेऊन त्या वाटेनं चाललेय, आणि मुलाण्याचा म्हातारा देवळाच्या पायऱ्यांखाली उन्हात उभा आहे. त्याच्या पलीकडं खालच्या वस्तीतली दोघं-तिघं. आत पाटाच्या पाण्याच्या पाळ्या ठरतायत आणि हे बाहेरून मान उंच करून सांगतायत की आमचं बी ऐका. तुम्ही आतून उठता, पायऱ्या उतरून त्यांच्या शेजारी उन्हात उभे राहता, आणि म्हणता की हितनं म्होरं सभा शाळेच्या पडवीत. वरच्या आळीचा बागायतदार आतून हसतो, म्हणतो, आबा, मारुती बाटला का तुमचा? तुम्ही पटका सारखा करता.

"देवाचं काय बाटत न्हाई," तुम्ही म्हणता. "देवळात मानूस हात जोडतो आन् सभेत बोट दाखवतो. दोन्ही कामं एका जाग्याला व्हत न्हाईत."

तुम्ही मुलाण्यासाठी उठलात का मारुतीसाठी, यावर पाणवठ्यावर बायकांचा चांगला वाद झाला. मला विचाराल तर मारुतीसाठीच. देवळात बसून एकमेकांच्या आयाबहिणी काढलेल्या तुम्हाला चालत नव्हत्या. पण सावलीत यायला मिळालं ते मुलाण्याला, हेही खरं. असंच एकदा तालुक्याच्या कुठल्याशा पुढाऱ्याचा माणूस आला, की आपल्या खंडोबाच्या देवळाला सरकारातून सभामंडप मंजूर करून देतो. सगळी वस्ती खूश. तुम्ही त्याला गूळ-पाणी दिलंत आणि सांगितलंत की देवाचं छप्पर गाव घालील, सरकारनं रस्ता करावा, शाळेला मास्तर द्यावा. आज छप्पर तुम्ही घातलं तर उद्या खाली बसायचं कुणी ते बी तुम्हीच सांगाल. तो माणूस गेल्यावर लोक तुम्हाला आडमुठा म्हणाले. मीही म्हणाले, मांजराला. पावसात तळी भरताना डोक्यावर पोतं घ्यायचा मला कंटाळा आला होता.

मग लोकांनी गळ घातली म्हणून तुम्ही स्वतः उभे राहिलात, पंचायतीच्या मेंबरकीला. समोर तोच बागायतदार. संक्रांत तोंडावर होती. त्यांच्या मालकिणीनं हळदी-कुंकवाचं बोलावणं आपल्या वस्तीवर पाठवलं. त्या घरानं आपल्या बायकांना ओसरीच्या आत कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी थेट माजघरात पाट मांडले. तिळगूळ दिला, वाण दिलं, आणि मग ताट आणलं. बेल-भंडाऱ्याचं. बायका गेल्या त्या मोकळ्या गेल्या आणि आल्या त्या बांधून आल्या. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट गावभर झाली. तुमचा लेक, म्हणजे आमचे हे, चिडले. त्यांचं म्हणणं, खंडोबा आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या, आपला भंडारा त्यांच्यापेक्षा जड, आपणही ताट फिरवू. तुम्ही जेवायला बसला होतात. हे देव्हाऱ्यातनं ताट घेऊन बाहेर आले, तसा तुम्ही हातातला घास खाली ठेवलात.

"ठेव ते जाग्यावर. देव साक्षीला असतो, राखणीला न्हाई."

"आबा, अशानं पडाल तुम्ही."

"पडू दे की."

"त्या बायका काय आपल्या मनानं पाडतायत का तुम्हाला? त्यांना बांधलंय."

"एका खुट्याला बांधल्यात. आपुन दुसऱ्या खुट्याला बांधायच्या? दोन दाव्यांनी शेळी फास लागून मरती," म्हणालात, आणि पुन्हा जेवायला लागलात. चुलीपाशी बसून मी हे सगळं ऐकत होते. तव्यावरची भाकरी माझ्या हातनं करपली. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, पण मला दिवस गेलेले म्हणून बोलल्या नाहीत.

मतदानाच्या दिवशी आमचे हे मला समजावत होते, कागदावर वरून कितवं चित्र, शिक्का कसा धरायचा. तुम्ही ओसरीवरून चौकटीला सांगितलंत, "तिला शिकवू नगा. डोळं हायेत तिला." मग शाळेपर्यंत तुम्ही पुढं आणि मी मागं. मला चालवत नव्हतं तर तुम्ही मध्येच थांबून कुणाच्या तरी उसाकडं बघत बसायचात, मी जवळ आले की पुन्हा चालायचात. शाळेच्या आवारात लिंबाखाली बसलात, मी आत गेले, बाहेर आले. तुम्ही माझ्या तोंडाकडंसुद्धा बघितलं नाहीत. उठलात आणि चालायला लागलात. पडलात त्या दिवशी सासूबाई डोळे पुसत बसल्या, आमचे हे कुणी दगा दिला ते बोटांवर मोजत बसले, आणि तुम्ही म्हणालात, भाकरी वाढा. पुढं मरेपर्यंत ना मला विचारलंत, ना दुसऱ्या कुणाला विचारू दिलंत. मी पुष्कळदा विचार केला त्याचा. घराच्या आत मला पायात चप्पल घालायची मुभा नव्हती, आणि शाळेच्या त्या खोलीत मी काय केलं ते विचारायची मुभा तुम्ही स्वतःलाच दिली नव्हतीत. एवढी एकच जागा तुम्ही मला दिलीत, पण दिलीत ती पुरी दिलीत.

आता यंदाचं. तुमचा पणतू म्हणजे माझा नातू, शिरूरकडच्या कंपन्यांना कामगारांच्या बसगाड्या लावतो. अंगानं तुमच्यासारखा, बोलायला तुमच्यापेक्षा गोड. सरपंचाला उभा राहिला. समोरच्या पार्टीनं दोन गाड्या भरून बायका जेजुरीला नेल्या आणि तिथं पायरीवर भंडारा उचलायला लावला. हा माझ्या खाटेपाशी येऊन बसला. म्हणाला, आज्जी, आपन मागं ऱ्हायाचं का? तुझ्या हातानं झालं तर एक बाई न्हाई म्हननार न्हाई. आता बघा मामंजी, मला या घरात विचारतं कोण. गोळी घेतली का आणि जेवली का, एवढंच. त्या दिवशी मला विचारलं. मी फुगले. तुमची आठवण झाली नाही असं नाही. झाली, आणि कणगीवरच्या मांजराला हाकलावं तशी मी ती हाकलली. म्हटलं, म्हातारा पडला ना शेवटी.

बायका आल्या. ताट घेऊन मी मधे बसले. एकेक पुढं येत होती, उचलत होती, कपाळाला लावत होती. कुणी हसत, कुणी उरकत. आणि मग पलीकडच्या घरातली सून आली. ती कंपनीत शिफ्टला जाते, एका मुलीची आई आहे. आणि हे लक्षात ठेवा, की वस्तीवर तिच्याइतकं देवाचं करणारी दुसरी बाई नाही. रविवार धरते, चंपाषष्ठीचे सगळे दिवस उपास, पायात वहाण न घालता जेजुरी चढते. ती पुढं आली, ताटाला हात जोडले, आणि मागं सरकली.

म्हणाली, "आज्जी, मत मी तुमच्याच नातवाला देनार हाय. त्यांनी बसचा थांबा वस्तीवर आनला, मला अंधाराचं हायवेपास्नं चालावं लागत न्हाई. पन भंडारा न्हाई उचलायची मी."

"द्यायचंच हाय तर उचलायला काय हात झिजतो का तुझा?"

"हात न्हाई झिजत. पन मग मी दिलं असं ऱ्हात न्हाई ना. भिऊन दिलं असं हुतं. देवाचं भ्या मला देवापुरतं ऱ्हाऊ द्या."

हे बोलणं तुमचं होतं, मामंजी. तुम्हाला तिनं बघितलेलंही नाही, ती तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती. ते ऐकून मी ताट खाली ठेवायला हवं होतं. पण मागून कुणीतरी बाई फिसकन हसली, आणि मला ते हसणं लागलं. माझी जीभ तुम्हाला माहीत आहे. कोयत्याला तरी मूठ असते. मी म्हणाले, कंपनीचा पगार बोलतोय हा. तिथवर ठीक होतं. पुढं म्हणाले, "लेकुरवाळी हायेस. देवाच्या ताटाला पाठ दाखवलीस, आता त्यो बघून घेईल."

देवानं बघून घ्यावं याचा अर्थ काय होतो ते कुठल्याही आईला विचारा. तिनं पुन्हा ताटाला हात जोडले आणि गेली.

त्यानंतर तिच्या सासूनं तिच्या हातचं पाणी घ्यायचं सोडलं. कंपनीच्या बसमध्ये आपल्याकडच्या बायका तिच्या शेजारची जागा मोकळी ठेवून उभ्यानं जायच्या. आणि मग तिच्या मुलीला ताप भरला. उतरेना, तशी दौंडला दवाखान्यात नेली, सलाईन लावलं. डास चावून येतो तो ताप, त्या मोसमात घरटी एक माणूस आजारी होतं. ज्यांनी उचलला त्यांच्याही घरात होतं. पण त्यांचा ताप म्हणजे डासाचा आणि हिच्या लेकीचा म्हणजे खंडोबाचा. वस्ती असं बोलत होती आणि मी माझ्या खाटेवर बसून ऐकत होते. एक शब्द बोलले असते तर बोलणं थांबलं असतं. नाही बोलले.

ती आली ती भर दुपारची, दवाखान्यातून सरळ. अंगावर कंपनीचाच शर्ट. अंगणात नातवाची माणसं बसलेली, गळ्यात पिवळी उपरणी, चहा चाललेला. कुणाकडं न बघता ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"आज्जी, ताट काढा."

मी म्हटलं, बस आधी, पोरगी कशी हाय सांग.

"बसायला येळ न्हाई. उचलते मी. तुम्ही तेवढं बोललेलं माघारी घ्या."

मामंजी, त्या वेळी मला एवढंच म्हणायचं होतं की जा बाई, तुझी लेक सलाईननं बरी होईल, मी माझी जीभ माघारी घेते, ताटाचा काही संबंध नाही. एका श्वासात झालं असतं. पण नातू माझ्याकडं बघत होता, ती पिवळ्या उपरण्यांची माणसं बघत होती. आत जाते म्हणून मी आत गेले, विचार करायला. देव्हाऱ्यापुढं उभी राहिले. आणि रिकाम्या हातानं बाहेर कसं यायचं, म्हणून ताट घेऊन आले. तिनं उचलला. उचलताना निम्मा भंडारा तिच्या बाहीवर सांडला. नातू म्हणाला, झालं वहिनी, आता काळजी करू नका. मी म्हणाले, बोललेलं माघारी घेतलं. ती गेली. बाहीवरचा भंडारा तिनं झटकलासुद्धा नाही, का तर तोही अपमान व्हायचा.

त्या बाईचं मत आमचंच होतं. आपल्या मनानं, थांब्याचा विचार करून, ती ते आणून देत होती. मी ते घेतलं नाही, आणि भीती घालून तेच तिच्याकडून काढून घेतलं. दूध द्यायला उभ्या राहिलेल्या शेळीचे पाय बांधायचे, याला तुम्ही काय म्हणाला असता? मला वाटतं तुम्ही काही म्हणाला नसता. खाकरून मान वळवली असती.

पोरगी बरी झाली. व्हायचीच होती. पण वस्ती म्हणाली, बघा, उचलला आणि ताप उतरला. मतदान जवळ आलं तसं ते बोलणं मला ऐकवेना. मी काठी घेतली आणि पलीकडं गेले. ती चुलीपाशी पीठ मळत होती, पोरगी भिंतीला टेकून पेज पीत होती. मी तिला सांगितलं, "मी तुला सोडलं बाई. ताट माझ्या घरातलं, धरलं मी, तवा सोडते बी मीच. तुला वाटंल त्याला मत दे."

तिनं मळता हात थांबवला. माझी थट्टा करत नव्हती, नीट समजावून सांगावं तशी बोलली. "तुम्ही कशा सोडनार आज्जी? तुमची आन कुठं घेतली मी. आन् मी देनार तुमच्या नातवालाच हाय, पैल्यापास्नं देनार व्हते. पन आता मला दुसऱ्याचा इचार सुदिक करायचं भ्या वाटतं. पोरीकडं बघते आन् गप ऱ्हाते." मग पिठाला पुन्हा हात घातला आणि म्हणाली, "तुम्ही कवा उचलला व्हता का, आज्जी?"

मी म्हणाले, तुझ्या भाकरी करपतायत. आणि उठले. तव्यावर भाकरी नव्हती, मामंजी. तवा अजून चुलीवरसुद्धा चढला नव्हता.

नातू निवडून आला. आता कोण म्हणेल की भंडाऱ्यानं आला का बसच्या थांब्यानं आला? त्यालाही कळायचं नाही. चांगलं काम केलेलं पोर, पण आपण कशानं जिंकलो हे त्याला जन्मात कळायचं नाही, तेही मीच घालवलं. गाव पिवळं झालं, गाण्याच्या मोठाल्या पेट्या लावून नाचले. पंचायतीच्या खुर्चीला भंडारा लावून हा बसला. आणि पहिली सभा कुठं ठेवली म्हणता? देवळात. तो सभामंडप झाला शेवटी, सरकारातनंच झाला, आतल्या फरशीवर पुढाऱ्याचं नाव देवाच्या नावापेक्षा मोठं आहे. मी म्हटलं, सभा शाळेच्या पडवीत घे, तुझ्या पणज्यानं घातलेली रीत आहे. तर म्हणाला, आज्जी, पडवीत पंखा न्हाई. मी म्हटलं, मग पंखा बसव की, सरपंच झालास न्हवं. तो हसला, त्याची माणसंही हसली. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं विनोदाचं असतं. मुलाण्याचा नातू सभेला आला होता म्हणतात. आत आला का पायरीखाली उभा राहिला, ते मी विचारलं नाही. पहिल्यांदाच मला कुठल्या गोष्टीची माहिती नको वाटली.

मतदानाचं एक सांगायचं राहिलं. ताट धरणाऱ्या बाईला कुणी उचलायला लावत नाही. तेव्हा सगळ्या वस्तीत ज्या एका बाईचं मत मोकळं होतं ती मी. त्याच शाळेत, आता मशीन आहे, बटण दाबलं की आवाज येतो. मी आत किती वेळ उभी राहिले कोण जाणे. टेबलापाशी बसलेली मुलगी म्हणाली, आजी, दिसतंय ना? मी म्हटलं, डोळं हायेत मला. बाहेर आले तर आवाराच्या फाटकापाशी नातू उभा. "दिलंस न्हवं, आज्जी?" म्हणाला. मी त्याच्याकडं न बघता फाटकाच्या खांबाला सांगितलं, "दिलं एकदाचं."

हे लिहिलेलं देव्हाऱ्यात देवाच्या टाकाखाली ठेवावं असं आधी वाटलं होतं. पण मग म्हटलं, पुन्हा देवालाच कशाला राखणीला बसवायचं. माझ्या उशाखाली राहू दे, मी गेले की उशीबरोबर जाईल.

तिनं विचारलं होतं त्याचं उत्तर तुम्हाला देते. त्या संक्रांतीला बागायतदाराच्या माजघरात, पाटांच्या त्या रांगेत मीही होते. सासूबाईंनीच धाडलं होतं, वाण आणायला. त्या घरात आत बसायला मिळालं म्हणून मी मोठ्या हौसेनं गेले. ताट माझ्यापुढं आलं तेव्हा पोटात तुमचा नातू होता, किती वर्षांच्या नवसानं राहिलेला. मी उचलला. आणि तुम्ही लिंबाखाली बसला होतात तेव्हा मी आत जाऊन तुमच्यावर शिक्का मारला नाही, त्यांच्यावर मारला. भीती काय असते हे मला माहीत होतं मामंजी, आणि माहीत असून मी ताट धरलं. खरं तर हे पलीकडच्या घरात जाऊन सांगायचं. तिथवर पत्र लागत नाही, पाय लागतात, आणि पाय अजून चालतायत माझे. पण मेलेल्या माणसाला सांगणं सोपं पडतं, म्हणून आधी तुम्हाला.

यंदा कुणाला दिलं ते मात्र सांगत नाही. तेव्हा विचारलं नव्हतंत, आताही विचारू नका.